गोचिडीची गोष्ट, गेटवरच्या कुत्र्याच्या तोंडून

मी चाकणमधल्या एका कंपनीच्या गेटवरचा जुना कुत्रा आहे. माझं नाव ओव्हरटाइम. हसू नका मित्रांनो. शिफ्ट सुटून माणसं बसमध्ये बसली तरी मी गेटवरून हलत नसे, म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलं.

माझा जन्म कंपनीमागच्या मोडक्या लाकडी पॅलेटखाली झाला. समोर तानाबाईची चहाची टपरी. तिनं मला पाव घालून वाढवलं आणि मी तिच्या टपरीची राखण केली. बिस्किटाच्या पुड्याला माकड शिवलं नाही की गाय फिरकली नाही. "माझा वॉचमन हाय ह्यो," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, तेव्हा माझी शेपूट आपोआप हलायची.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या अंगावर गोचिडी झाल्या. कानात, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तानाबाई मला पायाशी घेई, एकेक गोचीड उपटे आणि दोन नखांमध्ये चिरडे. मला फार बरं वाटायचं. ती माया होती. त्यात धोका आहे, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मग माझी भूक गेली. पुढे ठेवलेला पाव कावळे नेऊ लागले आणि मी नुसता बघत राहिलो. एका सकाळी नाकातून रक्त आलं. त्याच आठवड्यात टपरी उघडलीच नाही. तानाबाई तापानं फणफणली होती आणि तिला दवाखान्यात ठेवलं होतं.

तिचा नवरा गेनू टपरीतलं सामान न्यायला आला. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "ह्या कुत्र्यापायीच झालं समदं. उद्या टेम्पोत घालतो आन् घाटात सोडून येतो." मला उठून लांब जायचं होतं, पण पाय उचलेनात.

कंपनीतल्या मिनलताईंनी ते ऐकलं. त्या कासारवाडीहून रोज कामाला येत आणि तानाबाईचा चहा घेतल्याशिवाय आत जात नसत. "काका, आधी त्याला जनावरांच्या डॉक्टरला दाखवते. मग काय ते ठरवा," एवढंच त्या बोलल्या. शिफ्ट सुटल्यावर त्यांनी मला पोत्यात गुंडाळून रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं. "गोचीडताप आहे. वेळेवर आणलंत. महिनाभर गोळ्या द्याव्या लागतील."

मिनलताई जायला निघाल्या आणि दारातच थांबल्या. "डॉक्टर, याच्या गोचिडी काढणाऱ्या मावशी पाच दिवस तापात आहेत. मनगटांवर लाल पुरळ आलंय म्हणे."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "त्या गोचिडी हातानं चिरडायच्या?"

"हो. नखांनी."

"मग हे त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच कळवा. कुत्र्याचा आजार वेगळा असेल, पण माणसालाही गोचिडीपासून ताप येतो. त्याचं औषध नेहमीच्या तापाच्या औषधापेक्षा वेगळं असतं, आणि उशीर झाला तर जड जातं."

मिनलताईंनी तिथूनच गेनूला फोन लावला. पुढचं मला तानाबाईच्या तोंडून कळलं. दवाखान्यात तोवर डेंग्यू, टायफॉइड सगळं तपासून झालं होतं. गोचिडीचं कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. गेनूनं सांगताच डॉक्टरांनी औषध बदललं. ते माझ्याच गोळीचं औषध निघालं. दोन दिवसांत तिचा ताप उतरला.

तिसऱ्या दिवशी गेनू गेटवर आला. टेम्पो नव्हता, हातात दहीभात होता. माझ्यासमोर उकिडवा बसून त्यानं भात पुढे सरकवला. मग म्हणाला, "खा बाबा. तुझ्यामुळं कळलं, न्हाईतर ती हातची गेली असती." भातात मिनलताईंनी दिलेली गोळी दडवली होती. ती मला दिसली, पण मी मुकाट्यानं गिळली.

पुढे त्यानं ते सडकं पॅलेट हलवून गोचिडी लपायच्या त्या भिंतीच्या फटी बुजवल्या. आता मानेवर महिन्याच्या महिन्याला औषधाचे थेंब पडतात. एखादी गोचीड दिसलीच तर तानाबाई हातमोजे घालून चिमट्यानं ओढते, साबणाच्या पाण्यात टाकते आणि हात धुते. माझी भूक परतली आहे, कावळ्यांना आता पाव मिळत नाही.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्याला दगड मारून लांब पाठवलंत तरी गोचिडी फटीत राहतातच. त्यापेक्षा त्याला औषध लावायला मोठ्या माणसांना सांगा. गोचीड नखांनी चिरडू नका. आणि घरात कुणाला ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, की आमच्या दारात एक कुत्रा असतो आणि आम्ही त्याला जवळ घेतो. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या वतीनं तेवढं तुम्ही बोला.