खिडक्यांवरचे पट्टे

"बाबा, खाली उतरा. लोक बघतायत."

मुलाचा आवाज आला तशी ओळंबाकाकांनी पटाशी शीटच्या कडेत आणखी खोल सारली. काल चिकटवलेली थर्माकोलची शीट करकरत भिंतीपासून सुटली आणि परांचीवरून खाली गवतात पडली. खिडकीवरची ही दुसरी.

"बघू देत," ते म्हणाले. "माझंच घर आहे."

चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांना बाहेरून थंडी रोखणारं अस्तर लावलं होतं. आधी शीट, त्यावर जाळी, त्यावर गिलावा. त्यांची भिंत इतकी सरळ उतरायची की कामावरची माणसं त्यांना ओळंबा म्हणायला लागली आणि वयाबरोबर त्याला काका जोडलं गेलं. स्वतः मात्र ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. तिथे हिवाळ्यात भिंतींना ओल यायची आणि काकूंचे गुडघे धरायचे. बासष्टाव्या वर्षी हे दुमजली घर उभं राहिलं. धंदा आता मुलाकडे होता, आणि अस्तर कसलं लावायचं यावरून बापलेकांत चार दिवस धुसफुस चालली होती.

काकांना प्रत्येक खिडकीवर हातभर रुंदीचा रॉकवूलचा पट्टा हवा होता. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेल्या धाग्यांची दाट लोकर. जड असते, कापताना अंगाला खाज सुटते, पण थर्माकोलसारखी पेटत नाही. घरातली आग खिडकीतून बाहेर पडली तर पट्ट्यापाशी अडते. मुलाने मात्र काल काका नसताना सरसकट थर्माकोल चिकटवायला घेतला होता.

"दोन मजल्यांना पट्टे कोण लावतं?" मुलगा आता शिडीच्या तोंडाशी आला होता. "नियमातही नाहीत. मालाला आठ दिवस लागतील आणि बुधवारपासून कडाका पडतोय. गारठ्यात चिकटवणी धरत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. आईला अजून एक हिवाळा थंड भिंतीत काढायला लावणार?"

काकू विटांच्या थप्पीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ऐका की त्याचं. इतकी वर्षं लोकांना हेच लावलंत ना?"

काकांचा हात थांबला.

"लावलं," ते म्हणाले. "तेच तर."

ते परांचीच्या फळीवर बसले. खाली न बघताच बोलू लागले.

"ती चार मजली इमारत आठवते? तू शाळेत होतास तेव्हाची. नकाशात पट्टे होते. ठेकेदार म्हणाला, वेळ नाही, सगळीकडे थर्माकोल मारा, गिलाव्याखाली कोण बघतंय. मी एकदा म्हटलं, साहेब, नकाशात आहेत. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी थापी उचलली."

"ती जळालेली?" मुलाने विचारलं.

"तीन वर्षांनी. दुसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर पेटलं आणि आग भिंतीभिंतीने वर गेली. चौथ्या मजल्यावर एक म्हातारा पोस्टमन राहायचा, पायाने अधू. त्याला उतरता आलं नाही." काकांनी तोंडावरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. आतलं सगळं वितळून गेलेलं आणि माझा गिलावा तसाच उभा. सरळ. आतून पोकळ."

त्यांनी पटाशीला चिकटलेला थर्माकोल नखाने खरवडला.

"चौकशीला बोलावलं होतं. पट्टे कुणी गाळले, विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही."

काकू उठून उभ्या राहिल्या. चाळीस पावसाळे बरोबर काढलेला माणूस, आणि हे त्या आज ऐकत होत्या.

मुलाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मला का नाही सांगितलंत? धंदा हातात दिलात, गिऱ्हाइकं दिलीत, आणि एवढं एकच तेवढं नाही? मी किती घरं अशीच केली, माहितीय? त्यातली तीन तर उंच आहेत!"

"तोंड नव्हतं रे."

"मग आज कुठून आलं?"

मुलाने हातमोजे काढून जमिनीवर आपटले, टेम्पो सुरू केला आणि निघून गेला. काका तिसऱ्या शीटकडे वळले. पटाशी दोनदा सटकली. काकूंनी खाली शिडी धरून ठेवली.

तिसऱ्या प्रहरी टेम्पो परत आला. मागे रॉकवूलचे गठ्ठे होते.

"एका दुकानात उरलेलं होतं, खालच्या मजल्यापुरतंच मिळालं," मुलगा म्हणाला. बापाकडे न बघता त्याने मोजे उचलून चढवले. "त्या तीन घरांना फोन केलेत. दोघांनी उचलला."

मंगळवारी संध्याकाळी खालचा मजला झाला. बुधवारी पारा उतरला आणि काम थांबलं. हिवाळाभर वरच्या विटा उघड्याच राहिल्या. छतातून गारवा झिरपायचा. काकू दोन स्वेटर घालून झोपायच्या, गुडघ्यांबद्दल अवाक्षर काढत नसत. येणारेजाणारे विचारायचे, अर्धंच का हो? काका म्हणायचे, काम चालू आहे.

त्याच हिवाळ्यात एका सोमवारी ते चौकशीच्या कचेरीत गेले. कारकुनाने कपाट धुंडाळलं, मग मान हलवली.

"फाइल केव्हाच बंद झाली, काका. आता काही होणार नाही."

"नाही तर नाही," ते म्हणाले. "नुसतं लिहून घ्या."

कारकुनाने कोरा कागद ओढला आणि पेनचं टोपण काढलं. उघड्या दारातून काकांचा आवाज बाहेर येत होता. व्हरांड्यातल्या बाकावर बरोबर आलेल्या काकू थोड्या सरकून बसल्या, शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून.