हरिचंद्राचे सांधे

दिनानाथने काचेवर नखाने टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही. त्याने पेटीमागची वायर उपसून पुन्हा खोचली, डावीकडची कळ आणखी थोडी पिळली आणि वाट पाहिली. समोर शिवमंदिराच्या आवारात विष्णुपंतबुवा गात होते, शेजारी हरिचंद्र पखवाज वाजवत होता, आणि काटा मात्र जेवून सुस्तावलेल्या जावयासारखा पडून होता.

ही लोखंडी यंत्रपेटी उल्हासनगरच्या होतचंदकडची. फाळणीचे निर्वासित येण्याआधी तिथे लष्कराची छावणी होती. लष्कर गेले, पण त्याचे भंगार मागे राहिले आणि होतचंदच्या दुकानात येऊन पडले.

"साईं, ये आवाज़ का चौकीदार है," होतचंद म्हणाला होता. "कोई चिल्लाए तो गला पकड़ेगा, धीरे बोले तो छोड़ देगा. पकड़ेगा तो काँटा हिलेगा."

दिनानाथ अंबरनाथच्या कारखान्यात मोजमापाची यंत्रे सांभाळायचा. असली वस्तू हातात आल्यावर तो थांबतो कसला! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. शिवरात्र आठवड्यावर आली होती आणि पेटी कशी चालते हे त्याला धड ठाऊक नव्हते.

पण घाईला कारण होते. गेल्या शिवरात्रीला बुवांचे कीर्तन आवाराच्या टोकाला, ओढ्याकडे बसलेल्या मंडळींपर्यंत पोचलेच नाही. मागे गप्पा सुरू झाल्या, पोरे रडू लागली. कर्ण्याचा आवाज वाढवावा, तर बुवांच्या चढ्या आरोळीला तो फाटायचा. कमी करावा, तर ओळीचा शेवट गडप व्हायचा. उत्सवाचा कारभारी मधू चारचौघांत म्हणाला, "यंदा मागं ऐकू गेलं नाही तर पुढच्या साली बाहेरचे बुवा आणू." बुवा नुसते हसले होते. दिनानाथला शाळेत धुळाक्षरे याच बुवांनी शिकवली होती. ते हसणे त्याला गोड लागले नाही.

मधूने हरिचंद्रालाही सोडले नव्हते. बदलापूर गावच्या या शेतकऱ्याचा पखवाज ऐकायला एके काळी लोक लांबून यायचे. आता बोटांचे सांधे धरले, हात उठत नाही, असे तो स्वतःच सांगे. "दोन म्हातारे बैल अन् एकच जू," मधू म्हणे, आणि हरिचंद्र सगळ्यांत मोठ्याने हसे.

तालीम संपवून बुवा जेवायला घरी गेले. हरिचंद्राने पखवाजाच्या डाव्या तोंडावर ताजी कणीक थापली आणि नाद पाहायला म्हणून एक तुकडा वाजवला. सहजच, आपल्यापुरता.

काटा ताडकन पार दुसऱ्या टोकाला गेला.

दिनानाथ पेटीकडे पाहत राहिला, मग हरिचंद्राकडे.

"हरीदादा, सांधे?"

हरिचंद्राचा हात थांबला. तो बोटांना लागलेली कणीक खरवडू लागला.

"तुझ्या काट्याला डोळं लय हायेत रं."

"कधीपासून चाललंय हे?"

"बुवांचा आवाज बसाया लागला तवापासनं. माझा हात त्यांच्या वरती जायाला लागला. मंग काय करू? म्हनलं, सांधं धरलं. सांध्यांना कोन इचारतंय?"

"बुवांना माहीत आहे?"

"नाय. आनि तू बी सांगायचं नाय."

कल्याणपासून कर्जतपर्यंत ज्या हाताला तोड नव्हती, तो हात आपणहून म्हातारा झाला होता. लोकांनी कीव केली, मधूने टिंगल केली, ती त्याने पानासारखी चघळून टाकली होती. एवढा मोठा माणूस आपण जवळून पाहिला आणि आपल्याला दिसला नाही, याची दिनानाथला लाज वाटली, आणि त्याच्यापेक्षा जास्त अभिमान वाटला.

मग तो पेटीच्या मागेच लागला. आधी त्याने बुवांचा आणि पखवाजाचा आवाज एकत्रच पेटीतून नेला. ते फसले. पखवाजावर थाप पडली की बुवांचा सूरही दबायचा. दंगा एका पोराने करावा आणि छडी सगळ्या वर्गाने खावी, तसला प्रकार. मग त्याने पखवाजाला वेगळा माईक लावला आणि तेवढाच पेटीतून नेला. आता पेटी थाप दाबायची खरी, पण लगेच सोडून द्यायची, आणि मधल्या जागेत कर्णा धाप लागल्यासारखा घुरघुरायचा. उजवीकडची कळ हळूहळू फिरवल्यावर तिला सबुरी आली. थाप यायची, काटा झुकायचा आणि सावकाश परत यायचा. बुवांचा माईक आता निर्धास्त वाढवता येत होता.

"म्हंजी मी कसा बी वाजवला तरी बुवा वरच?" हरिचंद्राने विचारले.

"वरच."

"बघ हां."

"हात मोकळा सोडा, दादा. दाबायचं काम पेटीचं."

हरिचंद्राने आपल्या तळव्यांकडे पाहिले आणि ते धोतराला पुसले.

शिवरात्रीच्या दुपारी पालेगावपासून बदलापूरपर्यंतची माणसे आवारात दाटली. बुवा उभे राहिले. त्यांचा शब्द न् शब्द ओढ्यापर्यंत गेला. मधूने तिथूनच हात उंच करून खूण केली. दिनानाथच्या जिवात जीव आला. हरिचंद्र बराच वेळ बेताने वाजवत होता. मग एका अभंगाला लय चढली आणि त्याचा खांदा सुटला. कर्ण्यातून सगळे कसे नीटस येत होते. बुवा वर, पखवाज खाली. काटा वाकत होता, उठत होता. दिनानाथ त्या काट्यावर खूश होता.

एक गोष्ट तो विसरला होता. लोक कर्णा ऐकत होते. बुवा हरिचंद्रापासून हातभर अंतरावर उभे होते, आणि त्यांच्या कानावर उघडे कातडे वाजत होते.

बुवा ओळीच्या मध्येच थांबले. त्यांनी उपरण्याने माईक झाकला.

"हरी, सांधे बरे झाले?"

"व्हय बुवा. आजच जरा."

"आजच?"

त्यांनी दुसरा माईक पाहिला, त्याची वायर पाहिली, पेटी पाहिली आणि शेवटी दिनानाथचे तोंड पाहिले. उभा जन्म शाळेत घालवलेल्या माणसाला चोरी पकडायला कितीसा वेळ लागणार! त्यांचा चेहरा एकदम उतरला. दिनानाथला वाटले, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे. ज्यांची लाज राखायला निघालो, त्यांनाच आपण उघडे पाडले.

बुवांनी माईकवरचे उपरणे काढले.

"मंडळी," ते म्हणाले, "आमच्या हरीचा हात तुम्ही इतकी वर्षं अर्धाच ऐकलात. उरलेला अर्धा त्यानं मला दिला होता. आज पुरता ऐका."

मग ते तिथेच मांडी घालून बसले आणि दिनानाथकडे वळले.

"तुझ्या त्या पेटीला म्हणावं, जरा बाजूला हो."

दिनानाथने पेटी मधून काढून टाकली. हरिचंद्राने एकदा बुवांकडे पाहिले आणि डोळे मिटले. मग जे वाजले ते सांगून कळायचे नाही. कणीक उडत होती, रडणारी पोरे गप्प झाली होती, आणि मधू ओढ्याकडून पळत येऊन पुढच्या रांगेमागे उभा राहिला होता. बुवा गुडघ्यावर ताल धरून बसले होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. ते पुसायचेही त्यांना सुचले नाही.

तुकडा संपला तशी आरोळी उठली. बुवा उठले. दिनानाथने पेटी पुन्हा जोडली.

"हात मोकळाच ठेव, हरी," बुवा म्हणाले.

हरिचंद्राने मान डोलावली.

अर्धी राहिलेली ओळ बुवांनी उचलली. सूर वर गेला, फिरला आणि खाली येऊ लागला, जिथे तो नेहमी विरायचा तिथे. दिनानाथने काचेवर नजर लावली.

पखवाज सोबत वाजत होता, पण काटा हलला नाही. त्याने टिचकी मारली नाही.