पहिली ओटी

आमच्या गावाची देवी दोन ठिकाणी आहे. मूर्ती पुनर्वसनाच्या नव्या देवळात, टाइल्स लावलेल्या गाभाऱ्यात. आणि खरी देवी म्हणे अजून जुन्या गावातच आहे, धरणाच्या पाण्याखाली. हे 'म्हणे' मी मनात लावते. सासूबाईंसमोर लावायची माझी छाती नाही.

चैत्र पौर्णिमेपर्यंत धरणाचं पाणी बरंच उतरतं. बुडालेल्या देवळाचा कळस जेमतेम हातभर पाण्याखाली उरतो. तिथं बांबूला भगवा झेंडा बांधतात आणि अख्खं गाव नावांमधून ओटी सोडायला जातं. ज्या नावेची ओटी आधी बुडेल, त्या नावेतल्या घरांना वर्ष चांगलं जातं, अशी समजूत. मग काय, देवीच्या दारात शर्यत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आपण, देवीला तरी का सोडू?

माझा नवरा हरिओम नाव वल्हवतो. एरवी पलीकडच्या काठावरून भाजीपाला आणतो, पौर्णिमेला माणसं नेतो. त्याचे नियम दोनच. पाण्यात तरंगवणारं जाकीट घातल्याशिवाय नावेत पाय ठेवायचा नाही आणि ओटीसुद्धा बसूनच सोडायची. नव्या साडीवर ते नारिंगी जाकीट चढवताना बायका वैतागायच्या. "फोटो कसा येईन बाप्पा?" म्हणायच्या. त्याचा चुलतभाऊ राम त्याला 'जाकीटमास्तर' म्हणे आणि गाव फिदीफिदी हसे. रामची नाव इंजिनाची. तिच्यात कुणी बसत नसे, सगळे उभ्यानं जयजयकार करत जायचे.

गेल्या वर्षी आमची नाव आधी पोचली. हरिओमनं ती बांबूजवळ थांबवली. सासूबाई, म्हणजे अन्नपूर्णाबाई, माझ्याशेजारी ओटी घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात मागून राम आला. त्याची बायको डिंपल नावेच्या अगदी पुढच्या टोकावर उभी, हातात खण-नारळ, नजर झेंड्यावर.

हरिओम ओरडला, "राम, इंजिन बंद कर बे! पान्यावर ब्रेक नसते!"

सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. "समीक्षा, हा थांबून नाई राह्यला व!"

रामनं इंजिन बंद केलं, पण नाव यायची ती आलीच. आमची नाव उलटली. आम्ही सगळे भोपळ्यासारखे वर तरंगलो, घाबरलेले, पण जिवंत. रामची नाव उलटली नाही. फक्त डिंपल टोकावरून पाण्यात गेली. हरिओम बुड्या मारून मारून थकला. संध्याकाळी ती सापडली, तेव्हा तिचा पदर कळसाला गुंडाळलेला होता. देवीनं तिला ठेवून घेतलं, असं गाव म्हणालं. मला त्या दिवशी गावाची शिसारी आली.

पोलिसांनी अपघाताची नोंद केली. निकाल मात्र गावानं देवळात बसून लावला. राम ढसाढसा रडत म्हणाला, "हरिओमनं नाव आडवी घातली." गावातल्या जुन्या माणसांपैकी चिंतामण गुरुजींनी सासूबाईंना विचारलं, "अन्नपूर्णाबाई, तुम्ही नावेत होत्या. हरिओमची नाव उभी होती का आडवी आली?"

आई बोलली की लेक सुटणार होता. मी पुढे सरकून बसले.

"मले काई नाई दिसलं," सासूबाई म्हणाल्या. "म्या डोये मिटून हात जोडले होते."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. हरिओमनं यापुढे माणसं न्यायची नाहीत, असं ठरलं. देवीच्या दारात जाकीट घालून बसायला लावतो, मग देवी कोपणार नाही तर काय, असंही कुणीतरी म्हणालं. तीच जाकिटं घालून वाचलेल्या बायका माना डोलावत होत्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "आई, काऊन खोटं बोलल्या?"

"रामची बायको गेली. त्याले अजून किती मारू?" त्या म्हणाल्या. "हरिओम माह्या पोटचा आहे. तो सोसून घेईन."

हरिओम अंगणात वल्हं धूत होता. त्याला सगळं ऐकू गेलं. तो वल्हं धूतच राहिला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

यंदा सासूबाईंनी देवीला जाकीट वाहायचं ठरवलं. देवीनं वाचवलं म्हणून ज्या जाकिटानं वाचवलं तेच! आणि जायचं रामच्या नावेतून. हरिओम मला एवढंच म्हणाला, "तू जा सोबत. जाकीट घाल." नावेत जाकीट घातलेली मी एकटीच होते. बसलेलीही मी एकटीच.

झेंड्याजवळ सासूबाईंनी जाकीट खणात गुंडाळलं, हळद-कुंकू वाहिलं आणि पाण्यात सोडलं. ते बुडेना. गोल फिरून पुन्हा नावेला येऊन लागलं. त्यांनी हातानं दाबलं, ते परत वर आलं.

"देवीनं घेतलं नाई," कुणीतरी कुजबुजलं. सासूबाईंचं तोंड उतरलं.

"आई, बुडू नये म्हणूनच बनवलंय ते," मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

राम खाली वाकून जाकिटाला लंगराचा दगड बांधायला लागला. ओटी बुडाल्याशिवाय पोचली असं धरत नाहीत. म्हणजे यंदाची पहिली ओटी अजून कुणाचीच नव्हती, आणि हे पलीकडच्या काठावरून ओटी घेऊन निघालेल्या नावेलाही दिसत होतं. तिच्या इंजिनाचा आवाज एकदम वाढला. तिच्याही टोकावर एक बाई उभी होती.

"राम, मागं पाह्य!" मी ओरडले. तो अजून दगडाची गाठच बांधत होता.

मी अंगातलं जाकीट ओरबाडून काढलं आणि सासूबाईंच्या गळ्यात घालायला गेले. "आई, बसा खाली! घाला हे!"

त्यांनी माझा हात झटकला. "देवीसमोर बसू काय?"

त्या नावेच्या टोकाशी ताठ उभ्या राहिल्या, हात जोडले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी डोळे खरोखरच मिटले होते.