पुस्तकाबाहेरचं

दृष्टिहीनांच्या ग्रंथालयाची बातमी पेपरात आली आणि ताई धास्तावली. बातमी तशी आनंदाची होती. तीस वर्षांपूर्वीची बोलकी पुस्तकं आता कॅसेटमधून निघून फोनवर येणार होती, आणि पहिलं येणार होतं ते तिच्या दिवंगत आईने वाचलेलं. आनंदाच्या बातमीनेही धास्तावणारी माणसं असतात, ताई त्यातली. पुस्तकं स्वच्छ करायचं काम तिचंच होतं.

स्वच्छ करायचं म्हणजे हेडफोन लावून बसायचं आणि लेखकाने लिहिलं नाही ते सगळं पुसायचं. खाकरणं, पंख्याची घरघर, खुर्चीची कुरकुर. ग्रंथपालबाईंनी बजावलंच होतं, "ताई, पुस्तकाबाहेरचं एक अक्षर राहता कामा नये." काम झालं की कॅसेटी भंगारात जाणार होत्या.

तिने आईची कॅसेट लावली. पहिलं प्रकरण संपलं आणि आई हळूच म्हणाली, "पिल्लू, पुढे वाचू?" मग थोडी शांतता. मग, "बरं." आणि पान उलटल्याचा आवाज.

पिल्लू म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. सहा वर्षांचा होऊन तापाने गेला. ताईने कॅसेटचं खोकं उलटंपालटं केलं. त्यावर आईच्या अक्षरात तारीख होती, पिल्लू गेल्यानंतर आठ महिन्यांची. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आईची चूक असेल म्हणून तिने ग्रंथालयाची नोंदवही काढली. तिच्यातही तीच तारीख होती.

पुढच्या कॅसेटींतही तेच. सत्तावीस प्रकरणांत सव्वीस वेळा प्रश्न, शांतता आणि "बरं". ताईने आवाज सगळ्यात वर नेऊन ती शांतता ऐकली. तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं. पण मग आई "बरं" कशाला म्हणेल? उत्तर ऐकल्याशिवाय असं कोणी म्हणत नाही.

भीती ओसरली आणि आला तो राग. ते वर्ष ताईला लख्ख आठवत होतं. ती दहा वर्षांची होती. आई घरात मोजून चार शब्द बोलायची. ताईला वाटायचं, आईचा आवाजच गेला. आणि इथे तर सायीसारखा मऊ आवाज रेकॉर्डिंगच्या बंद खोलीत जपून ठेवलेला, गेलेल्या पोरासाठी! जिवंत पोरगी दाराबाहेर बसून गृहपाठ करत होती, ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

ताईने सव्वीसच्या सव्वीस जागा कापल्या. नियम होताच, पण तिचा हात काही नियमामुळे चालत नव्हता. तिला मनातून गार वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

ग्रंथालयाची एक रीत होती. एखाद्या दृष्टिहीन श्रोत्याने अथपासून इतिपर्यंत ऐकून होकार दिल्याशिवाय कोणतंही पुस्तक बाहेर पडत नसे. हे काम ऑपरेटरकाकांचं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, महातिखट कानाचे. तिसऱ्या दिवशी ते काठी टेकत आले.

"ताई, बाई कुठे गेल्या?"

"कुठे जातील, काका? आख्खं पुस्तक आईच वाचतेय."

"वाचताहेत गं. पण थांबत नाहीत, विचारत नाहीत." काका खुर्ची चाचपून बसले. "माझी नजर गेली तेव्हा मी तिशीचा. जेवण टाकलं होतं मी. समजूत काढून काढून घरचे थकले. कोणीतरी ही कॅसेट आणून लावली. प्रकरण संपलं आणि या बाई म्हणाल्या, पिल्लू, पुढे वाचू? अगं, एवढ्या घोड्याला पिल्लू! मला हसूच आलं. म्हटलं, वाचा. तर म्हणतात कशा, बरं! त्या दिवशी जेवलो मी."

ताई म्हणाली, "काका, ते तुम्हाला नव्हतं. माझ्या भावाला होतं. आणि तो तेव्हा या जगात नव्हता."

काकांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"मग त्यांना 'वाच' कोण म्हणत होतं, ताई?"

काका गेल्यावर तिने कॅसेट पुन्हा लावली आणि कापलेलं एकेक परत जोडायला घेतलं. ग्रंथपालबाईंना काय सांगायचं, ते नंतर बघू म्हणाली. शेवटची जागा उरली तेव्हा तिने ठरवलं, या वेळी उत्तर आपण द्यायचं. तीस वर्षं उशिरा का होईना, आईला सांगायचं, मीपण ऐकतेय.

"पिल्लू, पुढे वाचू?" आईने विचारलं.

ताईने तोंड उघडलं. शब्द बाहेर पडायच्या आत आई म्हणाली, "बरं."

ताई हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसून राहिली. मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडता हसू. आईने काहीही विचारलं तरी पिल्लू ताईला कधी आधी बोलूच द्यायचा नाही.