भट्टीची चौथी बाजू

"चादरी जरा बाजूला घ्या," इंजिनीअर म्हणाली आणि तिने हातातला उष्णता दाखवणारा कॅमेरा भिंतीवर रोखला.

धाकटीने दोरीवरच्या चादरी एकेक करून खांद्यावर घेतल्या. सगळ्या हॉटेलच्या, पांढऱ्या, अजून थोड्या दमट. भिंत उघडी पडली. रंग उडालेली, पोपडे आलेली साधी भिंत. पण कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ती जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत लालभडक दिसत होती.

"अरे वा!" इंजिनीअर म्हणाली. तरुण मुलगी होती, सकाळपासून शहरभर फिरून कंटाळली होती आणि आत्ता कुठे तिच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली होती. "पलीकडे काय आहे?"

"बेकरी. भट्टी या भिंतीला लागूनच आहे."

"कोणाची आहे बेकरी?"

धाकटीने चादरींचा ढीग टेबलावर ठेवला. त्यावरून उगीचच हात फिरवला.

"बहिणीची. थोरलीची."

"मग तर प्रश्नच मिटला!"

प्रश्न मिटला नव्हता. तो तिथूनच सुरू होत होता. दोघी बहिणींचं बोलणं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की गल्लीतल्या नव्या भाडेकरूंना त्या बहिणी आहेत हेच माहीत नव्हतं. वडिलांच्या माघारी बेकरीची वाटणी झाली, तेव्हा थोरलीने भट्टी घेतली आणि धाकटीच्या वाट्याला पिठाची मोठी खोली आली. त्या खोलीत लॉन्ड्री काढायचं तिने ठरवलं आणि थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वडिलांच्या पावाशेजारी लोकांच्या मळक्या चादरी? धाकटीही काही कमी नव्हती. "तुझ्या पावाला माझ्या साबणाचा वास लागत असेल तर घाल मधे भिंत," असं ती फणकाऱ्याने म्हणाली. थोरलीने लगेच गवंडी बोलावला.

आता हे सगळं सरकारमुळे पुन्हा उकरून निघणार होतं. देशाचे दिवस ओढाताणीचे होते. इंधन बाहेरून आणावं लागायचं आणि ते परवडत नव्हतं. कारखाने एकाच पाळीवर चालत होते. नदीवरचा पूल दुरुस्तीची वाट बघून थकला होता. शेवटी सरकारने नागरिकांनाच साकडं घातलं. वीज, इंधन, रस्ते, धंदे, कशाबद्दलही तुमच्या डोक्यात काय आहे ते कळवा. पटलं तर आमच्या खर्चाने करून देऊ. झालं! गल्लीत कल्पनांची साथच आली. न्हाव्याने उड्डाणपुलाच्या कठड्यावर छोट्या पवनचक्क्या बसवायला सुचवलं, कारण तिथून जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याने त्याच्या दुकानातले कापलेले केस पार रस्त्यापर्यंत उडत असत. निवृत्त मुख्याध्यापकांनी बंद पडलेल्या गिरण्यांच्या छपरांवर सौरपट्ट्या आणि खाली तंत्रशाळा अशी मोठी योजना आखली आणि भेटेल त्याला ती पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. लोक त्यांना बघून रस्ता बदलू लागले, पण मनातून सगळ्यांना ती पटली होती.

धाकटीची कल्पना मात्र साधी होती. बेकरीच्या धुराड्यातून दिवसभर उष्णता आकाशात जाते. धुराड्याभोवती नळीचं वेटोळं घालायचं, त्यातून पाणी फिरवायचं आणि ते तापलेलं पाणी लॉन्ड्रीच्या टाकीत घ्यायचं. गॅसच्या दराने तिचं कंबरडं मोडलं होतं. हॉटेलच्या चादरी कढत पाण्यातच धुवाव्या लागतात, आणि पाणी तापवण्यातच सगळी कमाई संपत होती. असंच चाललं तर वर्ष सरायच्या आत दुकानाला कुलूप लागणार होतं. हाताखालच्या दोघी बायकांना दुसरीकडे काम बघा असं कोणत्या तोंडाने सांगायचं, या विचाराने तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्याच तिरमिरीत तिने कल्पना कळवून टाकली. सरकारला कळवलेलं कोणी खरंच वाचतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

ही कल्पना सुचण्यामागे एक गंमत होती, ती मात्र तिने कोणालाच सांगितली नव्हती. ही भिंत कायम गरम असायची. दमट हवेत कुठेच काही वाळत नसे, तेव्हा ती भिंतीलगत दोऱ्या बांधून चादरी वाळवायची आणि त्या कशा अगदी कडकडीत निघायच्या. ताईच्या नकळत ताईची ऊब आपण फुकट वापरतो, या विचाराने तिला दर वेळी गुदगुल्या व्हायच्या.

"त्यांची संमती आहे ना?" इंजिनीअरने विचारलं.

"विचारलं नाहीये अजून."

"मग आत्ता विचारू या. चला."

"तुम्हीच जाऊन या ना."

"मी कशी जाऊ? कल्पना तुमची, बहीण तुमची!"

धाकटीने हात पदराला पुसले. ते ओले नव्हते, पण पुसले.

बेकरीत पाऊल टाकताच वास आला आणि तिला एकदम वडील आठवले. बाकी बरंच बदललं होतं. काचेची कपाटं नवी होती, फरशी नवी होती. थोरली मात्र तशीच, कोपरापर्यंत पिठात, कणकेच्या गोळ्याला दमात घेत उभी होती. गल्ल्यावर तिचा नवरा बसला होता. भावोजी हा या भिंतीच्या दोन्ही बाजूंना वावर असलेला एकमेव माणूस. इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे करण्यात त्यांचा संसार गेला होता, आणि दोन्हीकडचे टोमणे वाटेत गाळून टाकायची त्यांना सवय झाली होती.

थोरलीने मान वर केली, बहिणीकडे नव्हे, नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, विचारा, काय काम काढलंय."

"काय काम काढलंयस?" भावोजींनी धाकटीला विचारलं.

"भावोजी, ताईला सांगा, या बाई सरकारकडून आल्यात. त्यांना भट्टी बघायचीय."

"सरकारकडून आल्यात," भावोजी बायकोकडे वळले. "भट्टी—"

"ऐकू येतं मला."

"मग मला कशाला मधे घेता?"

इंजिनीअर एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. मग तिने सरळ थोरलीकडे जाऊन वेटोळं, नळी, टाकी असं सगळं हातवारे करत समजावून सांगितलं. थोरलीने कणीक मळणं थांबवलं नाही, पण हात हळू झाले.

"अहो, विचारा, धूर कोंडला तर? पाव काळे पडले तर सरकार खाणार आहे का?"

"नाही कोंडणार," इंजिनीअर म्हणाली. "वेटोळं बाहेरून असतं. आत काहीच नाही घालायचं."

"आणि ही कल्पना कोणाच्या डोक्यातली म्हणे?"

"भावोजी, सांगा, माझ्या," धाकटी म्हणाली. "तिला न विचारता कळवली, चुकलं माझं. नको असेल तर जबरदस्ती नाही. पण..." इथपर्यंत तिने ठरवलेलं होतं. पुढचं ठरवलेलं नव्हतं. "पण सांगा तिला, लॉन्ड्री आता निभत नाही माझ्याच्यानं."

भावोजींनी हा निरोप पुढे केला नाही. थोरलीने गोळा परातीत टाकला, त्यावर ओलं फडकं घातलं आणि हात झटकले.

"बघू दे त्यांना भट्टी," ती म्हणाली.

इंजिनीअर कॅमेरा घेऊन भट्टीभोवती फिरू लागली. समोरून बघितलं, दोन्ही कुशींनी बघितलं, आणि तिच्या भुवया चढल्या. पडद्यावर सगळं गार, निळंहिरवं होतं.

"किती सुंदर बांधलीय! आत एवढा जाळ, आणि बाहेर हात ठेवून बघा, काही नाही. वाळू-राखेचा थर घातलाय का?"

"वीतभर," भावोजी अभिमानाने म्हणाले.

ती शिडीवर चढली. भट्टीच्या माथ्यावरून तिने भिंतीच्या बाजूला विजेरी मारली आणि बराच वेळ वाकून बघत राहिली. उतरली तेव्हा गोंधळलेली होती.

"तीनच बाजूंना थर आहे. भिंतीकडच्या बाजूला काहीच नाही. नुसती एकपदरी वीट, आणि तीसुद्धा भिंतीला अगदी चिकटवून. सगळी उष्णता पलीकडे जातेय. बांधताना चूक झालीय ही. केवढं इंधन जास्त जळत असेल तुमचं!"

"असेल चूक," थोरली म्हणाली.

"चूक?" भावोजी खो खो हसले. "हिच्या भट्टीत? अहो बाई, ही भिंत घातली ना, तेव्हा जुनी भट्टी पाडावी लागली. नवी बांधली त्याच हिवाळ्यात. रोज सकाळी ही त्या गवंड्याच्या डोक्यावर जाऊन बसायची. एक वीट तिरकी बसली तर अख्खा थर उतरवायला लावायची. तो बिचारा—"

"अहो, बिस्किटं बघा. करपतील."

"आज बिस्किटं कुठे लावलीत?"

"मग पाव बघा!"

भावोजींनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते मुकाट्याने पाव बघायला गेले. पाव अजून आत गेलेलेच नव्हते.

धाकटी भिंतीकडे बघत उभी होती. लॉन्ड्रीचा तो पहिला हिवाळा तिला आठवत होता. चादरी दोन-दोन दिवस वाळायच्या नाहीत, कुबट वास यायचा. एकदा हॉटेलवाल्यांनी सगळा माल परत पाठवला तेव्हा ती भर अंगणात पायरीवर बसून रडली होती. कोणी बघितलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि मग एक दिवस भिंत गरम लागली. नशीब उघडलं, असं ती तेव्हा म्हणाली होती. इतकी वर्षं स्वतःला चोर समजून ती मनात हसत आली, आणि इथे मालकिणीनेच दार उघडं टाकून ठेवलं होतं! तिला हसू आलं.

"काळजी करू नका," इंजिनीअर मोजमापं घेत म्हणत होती. "वेटोळं बसवताना ती बाजूपण भरून टाकू. वाया जाणारी उष्णता—"

"ती बाजू राहू दे," थोरली म्हणाली.

"अहो, पण वाया जातेय ती."

"वाया नाही जात," धाकटी म्हणाली. "वापरात आहे."

इंजिनीअरने दोघींकडे पाहिलं. काहीतरी आहे एवढं तिला कळलं, काय ते कळलं नाही, आणि शहाणी मुलगी असल्यामुळे तिने विचारलं नाही.

"बरं, मग धुराड्याचंच करू. संमती आहे ना तुमची?"

थोरली पुन्हा परातीकडे वळली. "अहो, सांगा, आहे म्हणून."

"आहे," भावोजी भट्टीच्या तोंडाशी वाकलेले असतानाच ओरडले.

धाकटीच्या छातीवरचा धोंडा उतरला. लॉन्ड्रीत मशीनपाशी थांबलेल्या हाताखालच्या दोघी बायकांना कधी एकदा जाऊन सांगते असं तिला झालं, पण पाय निघेनात.

"छान! आता एकच राहिलं," इंजिनीअर म्हणाली. "मंजूर झालेल्या कल्पनेबरोबर ती सुचवणाऱ्याचं नाव आम्ही जाहीर करतो. पेपरातही येतं. तुमचंच घालते मी."

"माझं नको," धाकटी म्हणाली. "हिचं घाला. कल्पना हिची आहे."

"पण कळवली तर तुम्ही."

"कळवली मी. शेजारी ऊब पाठवायचं सुचलं हिला, तेही सरकारनं विचारायच्या कितीतरी आधी."

थोरली गर्रकन वळली. "काहीतरी बरळू नकोस."

भट्टीपाशी भावोजी ताठ उभे राहिले.

"बरळत नाही. थर कोणी घालू दिला नाही?"

"गवंड्याची चूक होती ती!"

"तुझ्या डोळ्यांदेखत? अगं, तुझ्या हातून मीठ चिमूटभर जास्त पडत नाही!"

"तू मला शिकवू नकोस हं. आणि माझं नाव पेपरात? चालायचं नाही. लोक म्हणतील, स्वतःचं इंधन जाळत बसली, वेडी."

"वेडीच आहेस! एवढं केलंस ते सांगायला काय झालं होतं?"

"तू कधी आलीस विचारायला? चादरी मात्र रोज वाळवत होतीस!"

"तुला कसं माहीत?"

"साबणाचा वास येतो ना भिंतीतून!"

"येतो ना? मग भिंत कशाला घातली?"

"तू घाल म्हणालीस म्हणून!"

कणीक फडक्याखाली फुगत होती, गिऱ्हाईक दारात येऊन परत जात होतं, आणि दोघींचे आवाज पार न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचले होते. इंजिनीअर पेन हातात धरून दोन पावलं मागे सरकली आणि भावोजींजवळ जाऊन हळूच म्हणाली, "मी उद्या येऊ का? नाव लिहायचंय, पण यांचं भांडण फारच पेटलंय."

भावोजींनी भट्टीच्या तोंडाशी ठेवलेला सकाळचा एक गरम बन फडक्याने उचलून तिच्या हातात ठेवला, स्वतः गल्ल्यावर जाऊन आरामात टेकले आणि पाय लांब केले.

"बसा हो बाई, खाऊन घ्या. आणि त्यांना थांबवू नका. कितीतरी वर्षांनी आज मला सुट्टी मिळालीय."