आठवर ऐकू येतं

सोमवारी सकाळी ताईंनी खुर्ची ओढली तेव्हा कीबोर्डवर घडी घातलेला एक कागद होता. बदलीचं पत्र. येत्या एक तारखेपासून त्यांनी टायपिंगचं टेबल सोडून तळमजल्यावर टपालात बसायचं. पाकिटं बंद करायची, पत्ते चिकटवायचे. कारण एका ओळीत दिलं होतं: वयोमानानुसार श्रवणक्षमतेत झालेली घट. खाली 'मान्य' असं छापून सहीसाठी जागा सोडलेली. मुदत शुक्रवार.

ताईंनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. पंचवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवलं होतं. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिल्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यात हे.

त्यांच्या कचेरीत सुनावण्यांची, विम्याच्या चौकशांची, कंपन्यांच्या बैठकांची रेकॉर्डिंग येत. हेडफोन लावायचा, पाय पेडलवर ठेवायचा. पुढून दाबलं की आवाज चालू, टाचेने दाबलं की चार शब्द मागे. ऐकू येईल ते जसंच्या तसं टाइप करायचं आणि ऐकू येणार नाही तिथे 'अस्पष्ट' असं लिहायचं. अंदाजाने काही भरायचं नाही. हा नियम नव्या माणसाला ताईच शिकवत आणि शिकवताना आवाज जरा चढवत.

पाच महिन्यांपूर्वी कचेरीने हॉल बदलला. नवा हॉल मोठा, उजेडाचा, पण त्याच्या भिंतीपलीकडे अख्ख्या इमारतीचा थंडाव्याचा प्लांट. त्याची घरघर दिवसभर थांबत नसे. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात बारीक लाटा उठत. तेव्हापासून ताईंच्या दर पानावरचे 'अस्पष्ट' दोनाचे नऊ झाले होते.

बाकीच्या सात जणांनी सरळ आवाज वाढवला होता. ताईंनी मात्र नाही; मोठ्या आवाजाने कान कसे जातात ते त्यांनी घरीच पाहिलं होतं. मशीनवर आवाजाचे वीस आकडे होते. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली तर विसावर ठेवूनच काम करायची. "घरी गेले तरी कानात शिट्टी वाजते, ताई," ती म्हणायची. "नवरा म्हणतो, कुकर लावलायस का?"

ताई पत्र घेऊन काचेच्या केबिनमध्ये गेल्या. आत पर्यवेक्षक बसले होते. त्यांनाही टायपिंग ताईंनीच शिकवलं होतं, त्यामुळे ते साहेब झाले तरी ताईंना अहो-जाहो करत आणि नजर चुकवत.

"माझे कान गेले हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तसं नाही हो ताई. तुमची टेप मी स्वतः ऐकली. तुम्ही जिथे जिथे अस्पष्ट लिहिलंत, तिथलं सगळं मला स्वच्छ ऐकू आलं."

"ऐकलीत कुठे?"

"इथेच. माझ्या टेबलावर."

ताईंनी मागे हात करून केबिनचं दार लोटलं. जाड काच बसली, घरघर बंद झाली. पंख्याचाही आवाज येईना.

"इथे बसून मलाही ऐकू येईल," त्या म्हणाल्या. "इथे तर मुंगीचं पाऊलही ऐकू येईल."

"रेकॉर्डिंग तेच आहे, ताई."

"रेकॉर्डिंग तेच आहे. जागा ती नाही."

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. "टपालात काम हलकं आहे. तुमच्याच भल्याचं बघतोय."

"माझं भलं मी बघते. तुम्ही प्लांटचं बघा."

मंगळवारी अर्धी रजा टाकून त्यांनी कान तपासून घेतले. तपासणाऱ्या बाईंनी त्यांना बंद खोलीत बसवून बारीक-बारीक शिट्ट्या ऐकवल्या आणि कागद दिला: वयाच्या मानाने उत्तम. ताईंनी तो साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी वाचला. "म्हणजे तिथे ऐकू येतं आणि इथे येत नाही?"

"दोन दिवस मी दुसरं काय सांगतेय?"

"पण मग बाकीच्या सात जणांना कसं येतं?"

ताईंनी तपासणीचा कागद उचलून पिशवीत ठेवला. चष्मेवालीच्या कानातली शिट्टी त्या साहेबांना सांगणार नव्हत्या. ते त्यांचं गाऱ्हाणं नव्हतं. आणि उद्या टपालात तिचाही नंबर लागायचा.

संध्याकाळी त्या इअरफोन घ्यायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेल्या. त्यांच्या अटी तीनच होत्या. कानाच्या आत बसणारा, बाहेरचा आवाज अडवणारा आणि वायरचा. मशीनला वायरशिवाय काही जोडता येत नव्हतं. शिवाय वायर नुसती वायर असते, तिच्यात रेकॉर्डिंग साठत नाही. आणि हो, खिशाला झेपणारा.

दुकानदाराने एक काळा जोड काढला, फोनला लावला आणि असं धडाडधूम गाणं सोडलं की काउंटरवरची काच थरथरली. "बघा काय बेस आहे!"

"गाणं बंद करा."

"अहो मावशी, गाणं न लावता इअरफोन कसा बघणार?"

"खिडकी घट्ट बसते का ते बघायला आत गाणं लागतं का? बाहेर वारा लागतो." ताईंनी इअरफोन कानात घातला आणि दुकानाच्या दारात, थेट रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बस गेली. हॉर्न वाजले. त्या परत आल्या. "पुढचा."

असे अकरा जोड झाले. दुकानदार आधी हसला, मग वैतागला आणि शेवटी स्वतःच दारात येऊन, "ट्रक येतोय, थांबा," असं सांगू लागला. ताईंनी तीन निवडले. एक काळा, एक चंदेरी आणि एक पारदर्शक. त्याच्या आतलं सगळं दिसत होतं, काचेतल्या किड्यासारखं. "दोन परत आणीन," त्या म्हणाल्या. "ते स्वच्छ पुसून देईन, आणि तुम्ही ते निमूट घ्याल."

"घेतो, मावशी. तुमच्याशी कोण वाद घालणार?"

घरी ताईंचे यजमान होते. त्यांचं सारं आयुष्य लेथवर गेलं होतं. एक कान कारखान्यातच राहिला, दुसरा निम्मा घरी आला, आणि त्यामुळे ते खालच्या मजल्याला कळेल अशाच आवाजात बोलत.

"मी बोललेलं ऐकू येऊ नये म्हणून आणलेत ना?" त्यांनी विचारलं.

"त्याला अजून यंत्र निघायचंय."

ताईंनी आपल्याच हळू आवाजात पेपरातली एक बातमी घरच्या जुन्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड केली; त्यालाही आवाजाचे वीसच आकडे होते. मग खुर्चीच्या एका बाजूला टेबलफॅन लावला, दुसऱ्या बाजूला मिक्सरमध्ये पाणी घालून तो यजमानांच्या ताब्यात दिला. बातमीतला शब्दन्‌शब्द टाइप करता येईल तो आवाजाचा आकडा लिहायचा, एवढीच परीक्षा. कचेरीसारखा जुना हेडफोन घरात पडला होता, तो आधी लावला. अठरावर ऐकू आलं. काळा पंधरावर, चंदेरीही पंधरावर. पारदर्शकावर त्यांची मनातून भिस्त होती, तो सोळावर गेला.

ताईंनी पेन टाकलं. मिक्सर थांबला.

"काय झालं?"

"सगळे एका माळेचे मणी."

यजमानांनी पारदर्शक जोड उचलून डोळ्याजवळ धरला. मग खोक्यातली पुडी टेबलावर उपडी केली. त्यातून रबराच्या छोट्या टोप्या घरंगळल्या, लहान, मोठ्या, आणि दोन स्पंजच्या.

"या बदलल्यास?"

"लावलेल्या होत्या त्याच ठेवल्या."

यजमान खुर्चीत बसले. "आमच्याकडे कानात घालायचे बोळे यायचे, दोन मापांत. साहेब लोकांनी एकच माप वाटलं. आम्हाला दुसरं माप असतं हेच ठाऊक नव्हतं. ते निम्म्या जणांच्या कानातून गळून पडायचे. सगळे म्हणाले, काही उपयोग नाही यांचा. आम्ही घालणंच सोडलं." ते थोडा वेळ टोप्या चिवडत राहिले. "बोळे चांगले होते गं. माप चुकलं होतं."

त्यांनी बायकोच्या कानांकडे आयुष्यात पहिल्यांदा इतकं निरखून बघितलं. "डावा लहान आहे तुझा."

"दोन्ही सारखेच आहेत."

"लेथवर तीस वर्षं मापं घेतलीत मी. डावा लहान आहे."

दोघांनी सगळी परीक्षा पहिल्यापासून घेतली. डाव्याला लहान टोपी, उजव्याला मधली. घालताना दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढायचा, म्हणजे ती आत नीट बसते. काळा अकरावर आला, पण मान हलली की वायर पदराला घासून कानात ढोल वाजायचे. चंदेरी दहावर आला, पण त्यात बायकांचे बारीक आवाज घुसमटत. पारदर्शकाला त्यांनी स्पंजच्या टोप्या चढवल्या, डावीकडची थोडी कातरून. बोटांनी चेपून आत घातल्या, फुगेपर्यंत थांबल्या, वायर कानामागून घेतली. मिक्सर सुरू झाला. ताईंना तो दोन घरं सोडून चालल्यासारखा वाटला.

आठ.

त्यांनी पुन्हा ऐकलं. आठच. वळून पाहिलं तर यजमानांचं तोंड हलत होतं आणि ते हातवारे करत होते. ताईंनी एक इअरफोन काढला.

"केव्हाचा ओरडतोय, मिक्सर तापलाय म्हणून!"

"मग बंद करा की," ताई म्हणाल्या आणि किती दिवसांनी खळखळून हसल्या.

शुक्रवारी साहेब स्वतः टेबलाशी आले. "ताई, पत्र?"

"सही करणार नाही."

"मग मला वर कळवावं लागेल."

"कळवा. पण आधी दहा मिनिटं माझ्या खुर्चीत बसा." ताई उठून उभ्या राहिल्या. "आज सकाळी आलेली टेप आहे, अजून कुणी ऐकलेली नाही. कचेरीचा हेडफोन लावा आणि एक पान करा. मी शिकवलंय तसं. अंदाज न करता."

हॉलमधली पेडलं एकेक करत थांबली. कुणी मान वर केली नाही, पण टाइपही कुणी करेना. मागे फक्त प्लांटची घरघर उरली. साहेबांनी केबिनकडे पाहिलं, मग बसले.

पहिल्या ओळीलाच त्यांची टाच तीनदा दाबली गेली. मग हात आवाजाच्या बटणाकडे गेला. पंधरा. अठरा. वीस. चष्मेवालीने नकळत स्वतःच्या कानावर तळहात ठेवला. पान संपलं तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांच्या पानावर अकरा 'अस्पष्ट' होते.

आता ताई बसल्या. पिशवीतून पारदर्शक जोड काढला.

"ताई, बाहेरचं उपकरण चालत नाही इथे. रेकॉर्डिंग गोपनीय असतात."

"ही वायर आहे. हिच्यात रेकॉर्डिंग भरून नेणं म्हणजे चाळणीतून पाणी नेणं." त्यांनी स्पंज चेपला, कान वर ओढला, आकडा आठवर आणला आणि पाय पेडलवर ठेवला. तेच पान. टाच फार वेळा दाबावी लागली नाही. कागद बाहेर आला, तो त्यांनी साहेबांच्या हातात दिला. त्यात दोन 'अस्पष्ट' होते.

"हे दोन तेवढे का सोडलेत?" साहेबांनी विचारलं.

"तिथे साक्षीदार खरंच पुटपुटतोय. केबिनमध्ये नेऊन ऐका."

साहेब दोन्ही पानं हातात धरून उभे राहिले. मग वाकून हळू आवाजात म्हणाले, "ठीक आहे. मी बघतो वर काय सांगायचं ते. तोवर तुम्ही हे वापरा. फक्त कुणाला दिसू देऊ नका."

"नाही."

"काय नाही?"

"लपवून नाही." ताई हॉलभर ऐकू जाईल असं बोलल्या. "तुम्हाला आत्ता ऐकू आलं नाही ते या सात जणांनाही सहज येत नाही. ते कान देऊन ऐकतायत, आणि तो कान परत मिळत नाही. माझ्या घरी आहे एक नमुना, येऊन बघा. प्लांटची भिंत भरून घ्या, नाहीतर प्रत्येकाला असा जोड द्या. मापाच्या टोप्यांसकट."

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर तिन्ही जोडांचे आकडे, टोपी कशी निवडायची, कान कसा ओढायचा, वायर कुठून घ्यायची, सगळं स्वच्छ टाइप केलेलं होतं. तो त्यांनी फळ्यावर, उपकरणांच्या बंदीच्या नोटिशीशेजारी टाचणीने लावला. चष्मेवाली उठून वाचायला गेली. तिच्यामागे आणखी दोघं गेली.

मग ताईंनी बदलीचं पत्र पुढे ओढलं. 'मान्य'वर काट मारली, वर 'नामंजूर' लिहिलं, त्याखाली पूर्ण सही आणि तारीख घातली आणि कागद साहेबांना दिला.

"वर हाच पाठवा," त्या म्हणाल्या. "सोबत तुमचं पानही जोडा."

साहेब काहीतरी बोलू लागले. पण ताईंचा स्पंज तोवर कानात फुगला होता आणि पाय पेडलवर होता.