आयव्हीवरचे तिरके काप

वहिनींची नजर फार तीक्ष्ण, असं सगळी गल्ली म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. समोरचा माणूस फळ्यावरची अक्षरं खरंच वाचतोय की मघाशी ऐकलेली घोकून म्हणतोय, हे त्यांना त्याच्या मानेवरून कळायचं. लोक डोळ्यांच्या बाबतीतही खोटं बोलतात, तर बाकीच्या बाबतीत काय सांगावं, असं त्यांचं मत झालं होतं, आणि वयाबरोबर ते पक्कं होत गेलं होतं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा नोकरीसाठी लांब. घर लहानसंच, खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, वर दोन खोल्या, मागे विटांच्या कुंपणातली हातभर बाग. त्या बागेचं, खरं तर त्या घराचंच, वैभव एकच होतं. मागची सावलीतली भिंत आयव्हीच्या वेलीने जमिनीपासून छपराच्या पन्हळीपर्यंत झाकून टाकली होती. वेल लावली सासऱ्यांनी. सासरे गेले, नवऱ्याला झाडाझुडपांत रस नव्हता, आणि वेल वहिनींच्या गळ्यात पडली. पडली ती पडली, मग त्यांनी तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली. थंडी सरता सरता, पाखरांनी घरटी बांधायच्या आधी, छाटणी करायची. पन्हळीत आणि खिडक्यांच्या चौकटीत शिरू पाहणारे शेंडे वीतभर मागे कापायचे, नाहीतर ही वेल लाकूडही सोडत नाही. कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या पाठीवर पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे लाल कोळ्याची कीड लागत नाही. पुढे वरच्या उन्हातल्या जुन्या फांद्यांना हिरवट फुलांचे गोंडे येतात, त्यांना हात लावायचा नाही, कारण बाकीची बाग निजलेली असताना मधमाश्यांना तेवढंच असतं. आणि हिवाळ्यात काळी फळं गळाली की झाडून घ्यायची. पाखरांना ती चालतात, माणसाला विषारी.

अशा त्या घरात, थंडीच्या शेवटाला, वन्सं राहायला आल्या.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी झाली, त्यामुळे आवाज हळू आणि गोड, पलीकडे तिसरं कोणी ऐकत असल्यासारखा. त्या ज्या भाड्याच्या इमारतीत राहायच्या ती पाडायला घेतली होती. दुसरी जागा मिळेपर्यंत चार दिवस, असं म्हणून दोन ट्रंका घेऊन त्या आल्या आणि वरच्या मागच्या खोलीत स्थिरावल्या. त्या खोलीत त्यांचं लहानपण गेलेलं. वहिनींनी तोंडभर हसून स्वागत केलं, पण मनात पाल चुकचुकलीच. माहेरच्या घरात परत आलेलं माणूस चार दिवसांसाठी येत नसतं.

पहिल्याच आठवड्यात छाटणी होती. वन्सं खाली येऊन म्हणाल्या, मी शिडी धरते, नाहीतर खालचा पाला तरी गोळा करते. वहिनींनी गोडीतच नको म्हटलं. या वेलीचा चीक अंगावर उठतो, तुमच्या हातांना सवय नाही, असं कारण दिलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. वन्संनी भिंतीकडे बघून सहज म्हटलं होतं, "बाबांनी लावली तेव्हा माझ्या गुडघ्याएवढी होती." त्या 'बाबांनी'मध्ये वहिनींना काहीतरी टोचलं.

उन्हाळा लागला तेव्हा पहिला काप दिसला. वहिनी पानांच्या पाठी धूत होत्या. कोपऱ्यातल्या दाट पाल्याआड एक कोवळी फांदी पेराच्या खाली अगदी नीट, तिरकी कापलेली होती. वहिनी छाटताना कधीच तिथे कापत नसत. त्यांनी पाला बाजूला केला, तर आणखी एक काप. मग आणखी.

आधी संशय शेजारच्या निवृत्त ड्रायव्हरवर गेला, कारण वेल कुंपणावरून त्याच्या बाजूला झुकते अशी त्याची जुनी कुरकुर होती. वहिनींनी आडून आडून विचारलं. त्याने कानांवर हात ठेवले. म्हणाला, मला ती तोडायची असती तर बुंध्यापासून तोडली असती, शेंडे कातरत बसायला मी काय न्हावी आहे?

हे पटण्यासारखं होतं. म्हणजे उरलं कोण?

त्यानंतर वहिनी डोळ्यांत तेल घालून बघू लागल्या. मग सगळंच दिसायला लागलं. वन्संच्या मनगटांवर लाल पुरळ उठलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, साबण बदललाय. वन्सं दुपारी फोनवर बोलायच्या आणि जिन्यावर पाऊल वाजलं की विषय बदलायच्या. एकदा वहिनींनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि जिना चढल्या. आतून हळू आवाज आला, "नाही गं, त्यांना अजून काही कळलेलं नाही. वेळ आली की मीच सांगेन."

वहिनी तशाच चपला हातात धरून खाली आल्या. पाणी कुठेतरी मुरतंय, हे आता नक्की झालं होतं.

त्यातच वेल आजारी पडली. भिंतीच्या डाव्या बाजूची पानं पिवळी पडायला लागली, खालून वर. वहिनींच्या डोक्यात सगळं जुळलं. आधी फांद्या कापून बघितल्या, आता मुळाशी काहीतरी ओततायत. वेल मेली की भिंत उघडी पडेल, भिंत उघडी पडली की घर जुनं झालं म्हणायचं, आणि मग बापाच्या घरातल्या हिश्श्याची गोष्ट निघेल. त्यांनी मुलाला फोन केला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आई, आत्याला घर हवं असेल तर ती दार वाजवून मागेल. भिंतीवरचा पाला कशाला कातरेल?" मुलगाही आत्याच्याच बाजूचा निघाला म्हणून वहिनींनी फोन ठेवून दिला.

वेल वाचवायला त्या सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतू लागल्या. आणि चोर पकडायला त्यांनी दुकानातून चष्म्याच्या फ्रेमला बांधायचा बारीक काळा दोरा आणला आणि पाल्याआडच्या फांद्यांमध्ये ठिकठिकाणी ताणून बांधला. हात घातला की तुटलाच पाहिजे.

दोन दिवसांनी बघितलं तर दोरे जागच्या जागी, न तुटलेले. आणि त्यांच्या मागे नवे तिरके काप. वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवून गाठ अगदी जवळून पाहिली. त्यांची गाठ साधी असायची. ही दुहेरी होती, टोकं नीट कापलेली.

त्या दुपारी वहिनी दुकानात गेल्या आणि डोकं दुखतंय सांगून लगेच परत फिरल्या. घरात शांतता होती. वन्सं मागच्या बागेतही नव्हत्या. वहिनी वर गेल्या आणि दार न वाजवता वन्संची खोली उघडली.

वन्सं खिडकीपाशी उभ्या होत्या. खिडकीला पडदा नेहमी ओढलेला असायचा, आज तो बाजूला होता. चौकटीत काचेच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, औषधाच्या, सरबताच्या, अत्तराच्यासुद्धा. प्रत्येक बाटलीत पाणी आणि आयव्हीची एकेक फांदी. पाण्यात पांढरी मुळं लोंबत होती.

वन्संनी हातातली बाटली खाली ठेवली.

"मला जागा मिळाली आहे," त्या म्हणाल्या. "एक्सचेंजमधली मैत्रीण आहे ना, तिच्या घराची मागची खोली. पुढे छोटं अंगण आहे, नुसती उघडी भिंत. म्हटलं, थोडी वेल न्यावी."

"मग मला विचारायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं. पण तुम्ही दिली असती तर ती तुमच्या वेलीतली झाली असती. मला बाबांच्या वेलीतली हवी होती." वन्संनी खिडकीबाहेर बघितलं. "आणि खरं सांगू? विचारायला तोंडच उघडवेना. मी जिना उतरले की तुम्ही ओट्यापाशी येऊन उभ्या राहता. डबे उघडले की नंतर तुम्ही ते तपासता. माझ्या ट्रंकेचं कुलूप हलवलेलं मला कळतं हो."

वहिनींनी ट्रंकेला हात लावला होता, हे खरं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आणि दोरे?"

"तुटायचे. तुमचा जीव वरखाली व्हायला नको म्हणून परत बांधून ठेवायचे."

"म्हणजे मी बघतेय हे माहीत असून तुम्ही कापत होतात."

"तुम्ही बघता म्हणूनच जागा शोधली, वहिनी. नाहीतर मला इथेच राहायचं होतं."

हे वन्संनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. वहिनींच्या तोंडावर आलं होतं की मग राहा, पण त्याच क्षणी मनात आलं, हे त्या राहण्यासाठीच तर म्हणत नसतील? आणि शब्द तोंडातच राहिले. नंतर कितीतरी दिवस त्या क्षणाची त्यांना आठवण यायची.

पिवळ्या पानांचं मात्र कोडं उरलं होतं. विष ओतलेलं असणार, निदान तेवढं तरी सिद्ध व्हावं, म्हणून वहिनींनी दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन डाव्या बाजूच्या मुळाशी उकरलं. माती चिखल झाली होती, कुजकट वास मारत होती, मुळं बोटाने दाबली की सालीसकट निघत होती. जुन्या मुरलेल्या वेलीला पाणी लागतंच किती? जी काही दोन-चार पानं आधी पिवळी झाली असतील ती उन्हाळ्याने, पुढचं सगळं त्यांच्या बादल्यांनी केलं होतं. त्यांनी कुजकी मुळं छाटली, कोरडी माती आणि रेती भरली आणि पाणी बंद केलं. वन्संना यातलं काही सांगितलं नाही. वन्सं वरच्या खिडकीतून बघत होत्या की नाही, हे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

वेलीच्या शेंड्याला गोंडे आले आणि मधमाश्या घोंगावू लागल्या, तेव्हा वन्सं गेल्या. बाटल्या ओल्या कापडात गुंडाळून एका खोक्यात उभ्या केल्या होत्या. ते खोकं रिक्षापर्यंत वहिनींनीच नेलं. लावताना भिंतीला अगदी चिकटवून लावू नका, वीतभर अंतर ठेवा आणि शेंडा भिंतीकडे वळवा, असं त्यांनी सांगितलं. बाकी बोलायचं पुष्कळ होतं, ते राहिलं.

हिवाळ्यात एका रविवारी वहिनी बसने वन्संकडे गेल्या. पत्ता शोधायला वेळ लागला. अंगणातल्या भिंतीशी ती रोपं रांगेत उभी होती. दोन गेली होती, बाकीच्यांनी विटांना पकड घ्यायला सुरुवात केली होती. वहिनींनी वाकून माती चाचपली. ओली होती, पण फार नाही.

"थंडीत पाणी देऊ नका," त्या म्हणाल्या. "माझी एक बाजू पाण्यानेच गेली. मीच घालवली."

"ठाऊक आहे," वन्सं म्हणाल्या. "वरून दिसत होतं."

खोली लहान होती, नीटनेटकी. वन्संनी चहा टाकला. वहिनींची नजर सवयीने फिरली आणि मोरीच्या कडेला उपड्या घातलेल्या दोन कपांवर थांबली, दोन्ही नुकतेच धुतलेले. त्यांच्या मनात लगेच चक्र सुरू झालं. सकाळी कोण आलं असेल? मैत्रीण? की मुलगा, आपल्याला न सांगता? एरवी त्या गप्प राहिल्या असत्या आणि आठवडाभर ते कप मनात घोळवत बसल्या असत्या.

"वन्सं," त्यांनी विचारलं, "सकाळी कोणी आलं होतं का?"

वन्सं वळून हसल्या. "नाही हो. एक सकाळचा माझा, एक मघाचा माझाच. तुम्ही येणार म्हणून घाई झाली, एकदम धुतले."

वहिनींना ते पटलं. परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत तरी.